कृपया भाव विचारू नये

सप्टेंबर २००७ मध्ये लंडनच्या हॅरॉड्समध्ये एक नाग कामाला लागला. जातीचा इजिप्शियन, जिवंत आणि विषारी. रेने काओव्हिला या इटालियन डिझायनरच्या सँडलचा एक जोड तिथे मांडला होता. त्यावर माणकं, नीलम आणि हिरे जडवलेले, किंमत ६२,००० पौंड, आणि राखणीला हा नाग. धनावर नाग बसतो हे कोकणातल्या कुठल्याही आजीने फुकट सांगितलं असतं. तो नाग म्हणजे मागच्या जन्मीचा चिकट मालक, हेही वर सांगितलं असतं. पण आजीचा नाग माणसांना धनापासून लांब ठेवतो. हॅरॉड्सचा नाग माणसं जवळ यावीत म्हणून आणला होता. वर्तमानपत्रांत छापून आलं, जगभर फोटो गेले, आणि ज्यांना सात जन्मांत तो जोड घेता येणार नव्हता अशा लोकांना त्याची किंमत तोंडपाठ झाली.

श्रीमंतांच्या दुकानदारीची सगळी मेख इथे आहे. ज्यांना घ्यायचं नाही त्यांना भाव कळला पाहिजे, आणि ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी तो विचारता कामा नये.

हॅरॉड्सला असल्या गोष्टींचा जुना सराव. १८९८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी इंग्लंडमधला पहिला सरकता जिना बसवला, तेव्हा वर पोचून घाबरलेल्या गिऱ्हाइकांना सावरायला ब्रँडी ठेवली होती. पुढे तिथे प्राण्यांचं खातं निघालं आणि तेही साधं नाही. १९६९ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तिथून सिंहाचा छावा विकत घेतला आणि लंडनच्या घरात वाढवला. रोनाल्ड रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना त्यांच्यासाठी तिथून हत्तीचं पिल्लू घेतलं गेलं, असं सांगतात. आणि फोनवरच्या विक्रेत्याने जराही न दचकता ‘आफ्रिकन की भारतीय?’ एवढंच विचारलं, असंही सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, विक्रेता असाच हवा. तुळशीबागेत हत्ती मागितला असता तर आधी शेजारच्या चार दुकानदारांना हाक मारून बोलावलं असतं.

मुंबईत हा थाट बघायचा तर हॉर्निमन सर्कलला जावं, नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथला जिओ वर्ल्ड प्लाझा नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडला आणि पॅरिस-मिलानची बडी नावं एका छपराखाली आली. मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो मालाच्या तुटवड्याचा. लक्ष्मी रोडवरच्या किंवा दादरच्या साडीच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत गठ्ठे असतात. गादीवर बसलेला माणूस नुसतं ‘पैठणी’ म्हटल्यावर येवल्याच्या तीस घड्या फटाफट उलगडतो, आणि एकतिसावी बघितल्यावर बाई म्हणतात, ‘ती पहिली पुन्हा दाखवा.’ इथे मात्र आख्ख्या भिंतीवर तीन बॅगा. तिन्हींमध्ये हातभर अंतर, प्रत्येकीवर स्वतंत्र दिवा. बाकी भिंत मोकळी. मुंबईत चौरस फुटाचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला बॅगेपेक्षा ती मोकळी भिंतच महाग वाटते, आणि ती तशी वाटावी म्हणूनच ठेवलेली असते.

दारावर सूटबूट घातलेला रक्षक असतो. तो कोणालाही अडवत नाही. फक्त दार उघडायला एक क्षण जास्त घेतो. त्या एका क्षणात निम्मे लोक ‘नंतर येऊ’ म्हणून सरबताकडे वळतात. जे आत शिरतात त्यांच्यापुढे ट्रेमधून पाण्याचा ग्लास येतो, त्यात लिंबाची चकती आणि पुदिन्याची दोन पानं. मग पांढरे हातमोजे घातलेली मुलगी बॅग खाली उतरवते आणि तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तशी दोन्ही हातांनी धरते. भावाची चिठ्ठी असलीच तर बॅगेच्या आतल्या खिशात, उलटी. ती बघण्यासाठी बॅग उघडायला लागते, आणि बॅग उघडताना आपण भाव बघतोय हे सगळ्या दुकानाला दिसतं. मग माणूस कातडं चाचपल्यासारखं करतो, शिवण बघतो, अस्तराची तारीफ करतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आकडा वाचतो. वाचल्यावर चेहऱ्यावरची रेष हलू न देणं हे या दुकानांतलं गिऱ्हाइकाचं मुख्य काम. त्यानंतरचं वाक्य जगभर ठरलेलं आहे: ‘ह्यात दुसरा रंग आहे का?’ रंग असला तरी अवघड आणि नसला तर सुटका.

या मुलींना आणि मुलांना माणसाची ऐपत ओळखायचं शिक्षण मिळतं. मनगटावरचं घड्याळ, पायातले बूट, बोलण्यातलं इंग्रजी. पॅरिसमध्ये हे ठोकताळे चालत असतील; महाराष्ट्रात ते साफ झोपतात. कारण वाकड-हिंजवडीकडचा गुंठामंत्री येतो तोच मुळी पांढरा लेंगा-शर्ट आणि पायात चप्पल घालून, मागे दोन पुतणे, आणि ‘ताई, ते वरचं काढा’ म्हणतो. ज्याच्या मनगटावर झगमगतं स्विस घड्याळ आहे त्याचे अजून अठरा हप्ते बाकी असतात. नाशिककडचा द्राक्ष बागायतदार दुकानभर फिरून काहीच बोलत नाही आणि जाताना तीन वस्तू बांधायला सांगतो. त्यामुळे मुंबईतल्या शहाण्या दुकानांनी आता चप्पलवाल्याला पाणी आधी द्यायचं ठरवलेलं दिसतं.

हॉर्निमन सर्कलला फ्रान्सच्या एर्मेसचं दुकान आहे, २०११ पासून. जागा छान शोधली. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच परिसरात वडाच्या झाडाखाली शेअरचे दलाल उभे राहून भाव ओरडत. आता त्याच आवारात भावाचा उच्चार होत नाही. एर्मेस मुळात घोड्यांचं सामान करणारी पेढी. १८३७ मध्ये पॅरिसला तिएरी एर्मेस यांनी बग्गीच्या घोड्यांसाठी साज-लगाम शिवायला सुरुवात केली. घोडे गेले, मोटारी आल्या, शिवण तीच राहिली आणि गिऱ्हाइकाच्या तोंडात लगाम घालण्याचं कसबही राहिलं.

त्यांची बर्किन नावाची बॅग हा या धंद्याचा कळस आहे. जन्म विमानातला. १९८० च्या दशकात पॅरिस-लंडन विमानात अभिनेत्री जेन बर्किन यांच्या टोपलीतलं सामान सांडलं. शेजारी योगायोगाने कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते. बाळाच्या आईला पुरेल अशी बॅग मिळत नाही, अशी तक्रार त्यांनी ऐकली आणि तिथेच विमानातल्या ओकारीच्या पिशवीवर चित्र काढलं. म्हणजे ज्या बॅगेसाठी लोक लाखो रुपये घेऊन उभे असतात तिचा पहिला नकाशा कुठे निघाला होता, हे दुकानात कोणी सांगत नाही.

गंमत म्हणजे पैसे घेऊन गेलं तरी ती मिळत नाही. काउंटरवर जाऊन ‘एक बर्किन द्या’ म्हणणारा माणूस नवखा. तिथे आधी ओळख वाढवावी लागते. ओळख वाढवायची म्हणजे रुमाल घ्यावा, पट्टा घ्यावा, कपबशा घ्याव्यात, एखादं घोड्याच्या चित्राचं ब्लँकेटही घ्यावं, आणि मग कधीतरी विक्रेत्याच्या मनात आलं तर तो आतल्या खोलीतून एक नारिंगी खोका आणतो, अशी गिऱ्हाइकांत समजूत आहे. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन गिऱ्हाइकांनी यावरून थेट दावा ठोकला: बॅग हवी तर आधी बाकीचा माल घ्या, ही सक्ती बेकायदेशीर आहे. आपल्याकडे रेशनच्या दुकानात साखरेबरोबर नको असलेली साबणवडी गळ्यात मारली की जी भांडणं होत, तीच ही. न्यायाधीशांनी सुनावणीत अशा अर्थाचं म्हटलं की कंपनीने वर्षाला पाचच बॅगा काढायच्या आणि एकेकीचे दहा लाख डॉलर लावायचे ठरवलं तरी ती तिची मर्जी. २०२५ मध्ये दावा निकालात निघाला. कंपनीच्या बाजूने.

पुणेकराने हे वाचून नुसती मान हलवली असेल. गिऱ्हाइकाने दुकानाची मर्जी सांभाळायची असते हा शोध पॅरिसला लागायच्या कितीतरी आधी नारायण-सदाशिवात अमलात आला होता. चितळ्यांची बाकरवडी दुपारी एक ते चार मिळत नसे. २०१७ मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा ती बातमी झाली, आणि बऱ्याच पुणेकरांना मनातून वाईट वाटलं. एक तत्त्व गेलं! फरक इतकाच की पुण्यातल्या दुकानदाराने खडूस बोलण्याचे वेगळे पैसे कधी लावले नाहीत.

ते लावता येतात, हे मात्र सिद्ध झालेलं आहे. २०१४ मध्ये मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल या दोन संशोधकांनी ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये एक अभ्यास छापला. महागड्या ब्रँडच्या दुकानात विक्रेत्याने नाक मुरडलं की गिऱ्हाइकाला तो ब्रँड जास्तच हवासा वाटतो, असं त्यांना आढळलं. पण त्यात तीन मेखा होत्या. ब्रँड असा हवा की जिथे पोचायची त्या माणसाला मनापासून इच्छा आहे. रोजच्या कपड्यांच्या दुकानात हाच प्रयोग केला तर गिऱ्हाईक सरळ चिडतं. नाक मुरडणारा स्वतः त्या ब्रँडला शोभेल असा टापटीप पाहिजे. आणि तिसरी मेख म्हणजे परिणाम टिकत नाही. काही दिवसांनी घरी बसल्यावर माणसाला अपमान आठवतो आणि ब्रँड नकोसा होतो. तोवर बिल झालेलं असतं.

ही ताठ मान सांभाळायला खर्च येतो. कधीकधी जाळून. ब्रिटनच्या बर्बरीने एका आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला, हे २०१८ मध्ये त्यांच्याच वार्षिक अहवालातून बाहेर आलं. कोट, बॅगा, अत्तरं. कारण उघड आहे: स्वस्तात विकला तर तो कोण घालील याचा नेम नाही. ज्याने पूर्ण पैसे मोजून कोट घेतला त्याला तोच कोट ड्रायव्हरच्या अंगावर दिसला तर पुढच्या वर्षी तो दुकानात येणार नाही. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने त्याच वर्षी जाळपोळ बंद केली, आणि फ्रान्सने तर २०२० मध्ये न विकलेला माल नष्ट करण्याविरुद्ध कायदाच केला. इकडे आपल्या कापडवाल्यांचा आषाढातला सेल बघा. ‘स्टॉक संपेपर्यंत’ असं लिहिलेला फलक दरवर्षी तोच निघतो, दोन टोकांना नव्याने दोऱ्या बांधून. मालही तोच असतो असं काही वाईट मनाचे लोक म्हणतात.

पण दार कितीही जड केलं तरी बाहेरचे लोक आत येतात, ही या धंद्याची कायमची डोकेदुखी. मुंबई-पुण्याच्या माणसाला याचं उत्तम उदाहरण रोज सकाळी सव्वासातला पुणे स्टेशनावर दिसतं. डेक्कन क्वीन. १ जून १९३० ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही गाडी काढली ती बड्या लोकांसाठी. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या: एक रुपेरी, तिच्यावर शेंदरी रेघा, दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी. डब्यांचे सांगाडे इंग्लंडातून आलेले, वरची घडण माटुंग्याच्या वर्कशॉपमधली. वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाला या गाडीत पाऊल टाकायला १९५५ उजाडावं लागलं. आणि एकदा पाऊल टाकल्यावर त्याने काय केलं? पास काढला, गट केले, भजनं म्हटली, भिशी लावली, जागा धरायला रुमाल टाकले. डायनिंग कारमधलं कटलेट मात्र अजून आहे. राणीच्या नावाची गाडी आज पासधारकांच्या मालकीची आहे आणि नवखा प्रवासी कोणाच्या ‘नेहमीच्या’ जागेवर बसला तर त्याच्याकडे हॅरॉड्सच्या नागाच्या नजरेनेच बघितलं जातं.

रेल्वेने मग यावर फार साधा उपाय शोधला. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द केला, म्हणजे त्याचं नाव दुसरा वर्ग ठेवलं. एका रात्रीत देशातले कोट्यवधी लोक वर सरकले आणि एकही बाक बदलावा लागला नाही. इतक्या स्वस्तात इतक्या लोकांची सामाजिक बढती जगात कुठे झाली नसेल.

मुंबईच्या लोकलचा फर्स्ट क्लास हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय. भाडं सेकंड क्लासच्या कितीतरी पट. त्या बदल्यात मिळतं काय? तीच गाडी, तेच वेळापत्रक, तीच गर्दी, आणि बसायला मिळालंच तर थोडी गादी. पण डोंबिवलीच्या माणसाला विचारा. तो गादीचं नाव काढत नाही. ‘धक्के आहेत हो, पण जरा बऱ्या लोकांचे,’ असं सांगतो. गर्दीच्या वेळी फर्स्टमध्ये सेकंडचा पासवाला चुकून चढला तर डबा एका आवाजात त्याला ‘ये फर्स्ट क्लास है’ असं बजावतो. त्या चार शब्दांसाठी महिन्याचे पैसे भरलेले असतात.

विमानतळावरच्या लाउंजचं हेच झालं. मुळात ती बिझनेस क्लासच्या प्रवाशांची बसायची जागा. मग बँकांनी क्रेडिट कार्डाबरोबर, पुढे डेबिट कार्डाबरोबरही, लाउंज फुकट वाटलं. कार्ड दोन रुपयांना घासलं की आत. दोन रुपयांत उपमा, इडली, गुलाबजाम आणि सोफा! मराठी मध्यमवर्गाला हे कळायला जेमतेम एक सुट्टी लागली. पहाटे पाचच्या विमानासाठी रात्री दोनला निघणारे लोक आता एकला निघू लागले. विमान कधीचंही असो, नाश्ता चुकायला नको. लाउंजबाहेर एसटी स्टँडवर लागते तशी रांग, आत बसायला जागा नाही म्हणून ताट हातात घेऊन उभे, आणि बाहेरच्या गेटसमोर रिकाम्या खुर्च्या. शेवटी बँकांनी तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केला तरच लाउंज, अशा अटी घातल्या. ज्यांना खरोखरच्या श्रीमंतांना बसवायचं होतं त्यांनी आणखी आतली, आणखी महागडी लाउंजं काढली. तिथे अजून शांतता आहे. तिथल्या उपम्याची बातमी बाहेर फुटेपर्यंत राहील.

देवालाही यातून सुटका नाही. त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचं दर्शन निघालं. सुट्टीच्या दिवशी दोनशेवाल्यांची रांगही फुकटवाल्यांच्या रांगेसारखी वळणं घेऊ लागते, आणि मग दोनशेवाले फुकटवाल्यांकडे बघून ‘निदान आपली पुढे सरकते’ म्हणतात.

खऱ्या गर्भश्रीमंतांना मात्र असल्या दारांशी देणंघेणं नसे. ते दुकानालाच घरी बोलावत किंवा घर दुकानात नेत. १९२८ मध्ये पटियालाचे महाराजा भूपिंदर सिंग पॅरिसला बुशराँ या जवाहिऱ्यांकडे गेले, ते खरेदी करायला नव्हे. सहा पेट्या भरून स्वतःचे खडे घेऊन गेले. ७,५७१ हिरे आणि १,४३२ पाचू. यांचे दागिने करून द्या म्हणाले. झाले १४९ नग. मराठी बाई आईच्या पाटल्या मोडून सोनाराला सांगते ना, ‘सोनं घरचं आहे, घडणावळ काय ती सांगा,’ तोच व्यवहार. फक्त पेढी प्लास व्हाँदोमला होती आणि घट धरण्यावरून झालेल्या वादाची नोंद नाही.

बडोद्याचे गायकवाडही कमी नव्हते. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये लुई व्हितॉने चहाच्या सामानाची खास पेटी बनवली होती: कपबशा, किटली, सगळं आपापल्या खणात. प्रवासात चहा आपल्या भांड्यांतून घ्यायचा ही सवय मराठी माणसाला नवी नाही. आपण थर्मास नेतो आणि तो ऐनवेळी गळतो, एवढंच.

पण बडोद्याच्या नावावर सर्वांत झकास किस्सा आहे तो महाराणी सीतादेवींचा. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या या दुसऱ्या पत्नीने आपले पाचू-हिऱ्यांचे तोडे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनला विकले. विन्स्टनने ते मोडून गळ्यातला हार केला आणि तो विकला डचेस ऑफ विंडसरला, म्हणजे जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली तिला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात डचेसबाई तो हार घालून आल्या. लोक तारीफ करू लागले. सीतादेवी तिथेच होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की हो, माझ्या पायात होते तेव्हाही हे खडे असेच छान दिसायचे. हार विन्स्टनकडे परत गेला. जगातला सगळ्यात बडा जवाहिऱ्या, सगळ्यात बोलबाला असलेलं गिऱ्हाईक, आणि एका बाईच्या एका वाक्यात सौदा उलटा. लग्नघरात मोठ्या जाऊबाई हे काम अजूनही करतात, फक्त पार्ट्या लहान असतात.

पायातलं गळ्यात गेलं तेव्हा डचेसला राग आला. आपल्या पायातलं थेट मिलानच्या रॅम्पवर गेलं तेव्हा कोल्हापूरला आला. जून २०२५ मध्ये प्रादाने पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात जे घातलं ते सांगलीच्या शाळकरी मुलानेही ओळखलं असतं. सपाट तळ, वर पट्टा, अंगठ्याची वादी. कंपनीने मात्र त्याची ओळख कातडी सँडल एवढीच दिली. किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्र पेटला. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे: महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. सीमाप्रश्नावर एकमत न झालेली दोन राज्यं चपलेवर एका जागी आली, हे खरं तर प्रादाचंच कर्तृत्व मानायला हवं.

राग होता तो चोरीचा. पण बारकाईने ऐकलं तर त्यात आणखी एक सूर होता, किमतीचा. ज्या पायताणासाठी आपण कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत हजाराचे आठशे करा म्हणून अर्धा तास घासाघीस केली, कर्रकर्र वाजते का ते दुकानभर चालून बघितलं, ‘गोंडा कमी आहे’ म्हणून आणखी पन्नास पाडले, तेच कोणीतरी न बोलता लाखाला घेणार? म्हणजे आपण इतकी वर्षं पायात घातलं काय? कारागिराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की हेच तो कधीचा म्हणतोय.

प्रादाने नंतर पत्र लिहून प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं जुलैत कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड इकडे बनवायचे आणि जगभरच्या दुकानांत सुमारे ८०० युरोंना विकायचे. हिशेब करायचा मोह कोणालाही होईल. कातडं तेच, हात तेच, ऊनही तेच. बाकी मधला सगळा आकडा त्या मोकळ्या भिंतीचा, तीन दिव्यांचा आणि पुदिन्याच्या दोन पानांचा.

या धंद्याकडे एकाच गिऱ्हाइकाने कधी दिपून बघितलं नाही: आयकर खातं. दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन मागायचा नियम जुनाच. पण २२ एप्रिल २०२५ ला केंद्राने एक यादी काढली. यातली कोणतीही वस्तू दहा लाखांच्या वर असेल तर विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून एक टक्का कर जागेवर वसूल करायचा. यादी तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने श्रीमंत माणूस डोळ्यांसमोर आणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखलेलं दिसतं. मनगटी घड्याळ. गॉगल, म्हणजे दहा लाखांचा. हातातली पर्स. बुटांचा जोड, आणि अधिसूचनेत ‘जोड’ असंच आहे, त्यामुळे डावा-उजवा वेगळा घेऊन कर चुकवायची सोय नाही. मग तो माणूस घरात गेला असावा: चित्रं, पुरातन मूर्ती, नाणी, तिकिटं, होम थिएटर. मग मैदानावर: गोल्फचं सामान, बर्फावर घसरायचे कपडे. मग पाण्यावर: यॉट, वल्हवायची होडी, कनू. मग हेलिकॉप्टर. आणि शेवटी शर्यतीचा घोडा आणि पोलोचा घोडा. टांग्याचा घोडा सुटला. माथेरानच्या घोडेवाल्यांनी निर्धास्त राहावं.

सरकारी कागदाला विनोदाची बंदी असते, पण दहा लाखांची वल्हवायची होडी कोणत्या टेबलावर, कोणाच्या शेऱ्यानंतर यादीत शिरली हे कळायला हवं होतं. वल्ही वेगळ्या बिलावर घेतली तर ती कशात धरायची, याचं परिपत्रक अजून आलेलं दिसत नाही. आणि प्रादाच्या कोल्हापुरीचे ८०० युरो म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या आसपास. दहा लाखांच्या उंबरठ्याला ती चप्पल पोचतच नाही. आयकर खात्याच्या या यादीपुरती ती अजूनही चप्पल लाइनीतलीच आहे.